काटोलच्या वाटेवरचा चौथा

एसटीनं नागपूरहून काटोलला जायला एक डुलकी पुरते. आम्ही तिघं गेलो ते सायकलवर, तेही उलट्या अंगानं, कोराडी-सावनेरकडून वळसा घालून, मधे दोन मुक्काम करून. साठीच्या माणसांना हे नसते उद्योग कुणी सांगितले होते, असं आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाचं विचारून झालेलं आहे, तेव्हा तुम्ही विचारू नका. वाट चांगली आहे, खायला चांगलं मिळतं, हिवाळ्यातलं ऊन अंगाला बरं वाटतं. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं. फक्त चौघांनी जावं, नाहीतर दोघांनी.

मनीषनगर

आधी माणसं सांगते. मी विमा कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. अरविंद माझा नवरा. मी त्याला नावानंच हाक मारते. सासूबाईंनी शेवटपर्यंत याचा राग धरला, पण माझी सवय काही सुटली नाही. त्याची बायपास झाली तेव्हा तो घरातल्या घरात भिंत धरून चालायचा. डॉक्टर म्हणाले, रोज फिरायला जा. हा म्हणाला, बागेत गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे? त्याला सायकलवर बसवलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या शरदभाऊजींनी. ते कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, हाडापेरानं काटक आणि हट्टी. त्यांनी स्वतःसाठी सायकल घेतली, अरविंदला घ्यायला लावली, आणि महिन्याभरात त्यांची बायको प्रमिला आणि मी, आम्ही दोघीही त्या नादाला लागलो. पहिल्या दिवशी मनीषनगरच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन चौघं धापा टाकत परत आलो. पुढच्या हिवाळ्यात आम्ही बुटीबोरीला जाऊन नाश्त्याला घरी येत होतो. माझी साखर खाली आली. अरविंदचा पट्टा आतल्या भोकांवर गेला. प्रमिलाचे गुडघे कुरकुरायचे थांबले. म्हातारपणी शरीर परत मिळतं हे कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं, पण आम्हाला मिळालं.

शरदभाऊजी कायम सगळ्यांच्या पुढे असायचे. मागे वळून बघायची पद्धतच नाही. प्रमिला मागून ओरडायची, ‘‘अवो, थांबा ना जी!’’ आणि ते चौकात पोचून चहा संपवून बसलेले असायचे.

संत्री झाडावर असताना काटोलला जायचं, हा बेत त्यांचाच. मागच्या उन्हाळ्यात ते झोपेत गेले. प्रमिला चहा घेऊन उठवायला गेली तर अंग गार पडलेलं. काही महिने आमच्या सायकली पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या होत्या. मग दिवाळी झाल्यावर प्रमिलाच एक दिवस दारात येऊन म्हणाली, ‘‘त्यायचं काटोल राह्यलं आहे वं. करून टाकू.’’

आता तिघांनी कामाला निघू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघायचंच असेल तर वाटेतला एक खडा उचलायचा, तो चौथा म्हणून बरोबर घ्यायचा, आणि काम झालं की टाकून द्यायचा. माझी आई मुलगी बघायला जाताना असा खडा पदराच्या गाठीत बांधायची. माझा यावर विश्वास नाही, पण प्रमिलाचा आहे, आणि सहा महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईशी कोण वाद घालतो? डिसेंबरातल्या त्या सकाळी तिनं फाटकाजवळ पडलेला गिट्टीचा एक खडा उचलला, फुंकर मारून साफ केला, हँडलच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, ‘‘चला, शरदराव.’’

इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. उखाण्यातसुद्धा ती ते पुटपुटायची.

अरविंद म्हणाला, ‘‘याला हेल्मेट कोण देणार?’’ कुणीच हसलं नाही.

रांग मी ठरवली. पुढे अरविंद, मधे प्रमिला, शेवटी मी. मला अरविंदची पाठ सतत डोळ्यांसमोर हवी होती. छाती उघडून शिवलेला माणूस पहिल्यांदाच इतक्या लांब निघाला होता. जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या खिशात होती आणि माझं सगळं लक्ष त्याच्या खांद्यांवर. हा माणूस धडधाकट घरी परत यावा, एवढंच माझं मागणं होतं.

कोराडी

गावाबाहेर पडण्याआधी तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतून घ्यायची, हे पुण्याच्या पाहुण्यांना शेवटपर्यंत पटत नाही. ते तर्री वेगळ्या वाटीत मागतात आणि पोह्यांवर खोबरं शोधतात. मी दोनदा तर्री घेतली. छातीत जळजळ सुरू झाली ती तिथूनच. म्हटलं, भोगा आपल्या कर्माची फळं.

कोराडीला पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की वीजकेंद्राच्या धुराड्यांची नुसती टोकं वर तरंगत होती, खाली काही नव्हतंच. कोळशाचे ट्रक अंगावर आल्यावरच दिसत. ते टाळायला अरविंदनं आतला रस्ता धरला. त्या रस्त्यावर राखेचा पातळ थर होता, पिठासारखा मऊ. चाकांचा आवाजच येईना. तिघं सायकली हाणत होतो आणि कानाला काही नाही. माझा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

पुढे धुराडी फोटोत पकडायला थांबलो. कोन साधायला मी पावलं टाकत मागे गेले आणि खाली बघितलं. राखेत आमच्या चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. चार रेघा. चौथी माझ्या रेघेला लागून होती. एका ठिकाणी खड्डा चुकवायला मी डावीकडे वळले होते, तिथं तीही वळली होती. आणि आम्ही थांबलो होतो तिथं, माझ्या मागच्या चाकापाशी, ती संपली होती. पुढे कुठे गेलीच नव्हती.

मी अरविंदला बोलावून दाखवलं.

‘‘आपल्या आधी कुणी गेलं असेल,’’ तो म्हणाला.

‘‘मग पुढे का नाही गेलं?’’

‘‘उचलून नेली असेल सायकल. तू पण ना!’’

 प्रमिला खाली वाकून त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या आणि रेघेवर पाय पडू न देता बाजूनं चालत आपल्या सायकलीपाशी गेली.

सावनेर

धुकं फिटलं आणि सगळं पुन्हा साधं झालं. दोन्ही बाजूंना कपाशी, तुरीचे पिवळे फुलोरे, मधूनच कोळशाच्या खाणीकडे जाणारा फाटा. लोक हात करत होते. एका बाईनं विचारलं, ‘‘काहून बाई, गाडी बिघडली का?’’ आम्ही हौसेनं सायकलवर आहोत हे तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

सावनेरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. मी तीन चहा सांगितले. माणसानं चार कप भरून ठेवले.

‘‘भाऊ, तीनच सांगितले होते.’’

‘‘ते नाई घेत का मंग?’’ त्यानं आमच्या सायकलींकडे हनुवटी केली. ‘‘ते मांगं उभे होते ना.’’

सायकली तीन. आसपास एक बकरी, बाकी कुणी नाही. टपरीवाल्यानं स्वतःच मान लांब करून बघितलं, डोळे चोळले आणि फडक्यानं टेबल पुसायला लागला.

‘‘राहू द्या,’’ प्रमिला म्हणाली. तिनं चौथा कप उचलून आपल्या पिशवीशेजारी ठेवला, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘घ्या जी. साखर कमी आहे.’’

तो चहा तसाच गार झाला, त्याच्यावर साय धरली. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या सोसायटीत आता कुणी कुणी म्हणतं की कप रिकामा झाला होता. झाला नव्हता. मी बघत होते. माझा जबडा ठणकत होता आणि मी हेल्मेटच्या पट्ट्याला शिव्या घालत होते.

सावनेर ते काटोल

दुसऱ्या दिवशी आडवाटेनं निघालो. हा सगळा पट्टा संत्र्यांचा. काळी जमीन, हिरवीगार बुटकी झाडं, त्यांच्यात लटकलेली पिवळी-केशरी फळं. काही बगिच्यांत तोडणी चालली होती, बाया फांद्यांखाली वाकून टोपल्या भरत होत्या, हवेत सालीचा उग्र वास. कोकणातल्या आंब्याचं कौतुक साऱ्या जगाला. आमच्या संत्र्याचं कौतुक आम्हालाच करावं लागतं. एका बाईनं हाक मारून आमच्या हातांत फळं कोंबली. तीन कशी द्यायची म्हणून तिनं चौथं काढलं आणि तेही दिलं. तीन कुणाला देत नाहीत, हे मलाही कळतं. तरी त्या चौथ्या संत्र्याला हात लावायला मी धजले नाही.

गावागावांतली कुत्री आमच्यावर भुंकायची. त्यात नवल काय? पण ती अरविंदवर भुंकायची, प्रमिलावर भुंकायची, माझ्यावर भुंकायची, आणि मी पुढे गेल्यावर गप्प व्हायची. मग पुन्हा एकदा, वेगळ्याच आवाजात, कण्हल्यासारखी. तीन गावांत हे झालं. चौथ्या गावात मी कानांवर मफलर बांधून घेतला.

दुपारी एका बाभळीखाली थांबलो होतो. मागून एक म्हातारा बैलबंडी घेऊन आला. आमच्याजवळ आल्यावर त्यानं कासरा ओढला.

‘‘तुमचा माणूस लय हळू येऊन राह्यला,’’ तो म्हणाला. ‘‘थकला का काय गा?’’

अरविंद म्हणाला, ‘‘कोणता माणूस बाबा?’’

‘‘सायकलवाला. मी म्हनलं, बस माह्या बंडीत, सायकल टाक मांगं. तर नाई म्हणे. बोलला नाई, मान हालवली.’’

प्रमिला उठून उभी राहिली. ‘‘कसे दिसतात जी ते?’’

‘‘आता तोंड कोण पाह्यते बाई? डोकसं गुंडाळून होता. हात मात्र लंबे लंबे.’’

शरदभाऊजींचे हात खरंच लांब होते. बाही नेहमी वीतभर आखूड पडायची. आम्ही सगळे मागच्या रस्त्याकडे बघत राहिलो. सरळ रस्ता, कडेला तुरी, वर ऊन. चिटपाखरू नाही. बैलांनी मात्र माना वळवल्या आणि बंडी पुढे न्यायला म्हाताऱ्याला दोनदा शेपट्या पिळाव्या लागल्या.

प्रमिलाचा चेहरा उजळला होता. खोटं कशाला बोलू, मला तिचा त्या वेळी संताप आला. भर उन्हात माझ्या अंगाला घाम सुटला होता, थंड घाम, आणि डोक्यात एकच विचार. शरदभाऊजी आणि अरविंद म्हणजे जिवाभावाचे. भाऊजींना एकट्याला कंटाळा आला असेल आणि ते सोबतीला माणूस न्यायला आले असतील तर? तो कोण असणार? बायपास झालेला अरविंदच ना? हसाल तुम्ही. मीही घरी बसून ऐकलं असतं तर हसले असते.

अरविंद झुडपामागे गेला तेव्हा मी तिला म्हटलं, ‘‘तो खडा टाक.’’

‘‘काहून?’’

‘‘मला अरविंदच्या जिवाची भीती वाटते म्हणून. टाक मुकाट्यानं.’’

‘‘एकदा गेले ना वं ते,’’ ती म्हणाली. ‘‘मले न सांगता गेले. आता आले आहेत त मीच घालवू का?’’

 अरविंद परत आल्यावर मी नाडी बघते म्हणून त्याचा हात धरून बसले. त्याची नाडी घड्याळासारखी चालली होती. ‘‘माझं सोड, तूच पांढरीफटक पडली आहेस,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, तर्री बाधली.

काटोल

काटोलला मुक्काम प्रमिलाच्या मामेबहिणीकडे, वत्सलाबाईंकडे. गावाबाहेर त्यांचा बगीचा आणि त्यातच घर. बाई सत्तरीच्या, कामाला वाघीण. दिवस मावळायच्या आत त्यांनी सोलेभात टाकला होता. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. भातावर कच्चं तेल, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, चुलीतलं वांग्याचं भरीत. ओसरीवर पाट मांडले होते. मी न मोजायचं ठरवलं होतं, तरी मोजले. त्यांचा धरून पाच पाट.

‘‘तुमचे भाऊ अजून बाहेरच आहेत का?’’ वत्सलाबाईंनी अरविंदला विचारलं. ‘‘फाटकातून येताना दिसले होते. हातपाय धुऊन घ्या म्हना, जेवण गार होते.’’

अरविंदनं घास खाली ठेवला.  प्रमिलानंच सगळं सांगितलं, तिघांचं, खड्याचं, आणि तिनं त्याला दिलेल्या नावाचं. वत्सलाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

‘‘अवं प्रमिले, खड्याले नाव देत नाही वं! खडा म्हणजे नुसता आकडा भरायले. नाव देल्लं, जेवाले बोलावलं, मंग ते येनारच ना! अन् आलेलं मानूस रिकाम्या हातानं जाते का?’’

‘‘माहे मालक आहेत ते,’’ प्रमिला म्हणाली.

‘‘होते. आता नाहीत. उजाडलं का तो खडा विहिरीत टाक, अन् तोंडानं सांग, जा म्हना. सांगितल्याशिवाय जात नाहीत.’’

 पाचव्या पाटावर भात वाढलेलाच होता. तो रात्री वत्सलाबाईंनी गाईला नेऊन घातला. गाईनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

काटोलच्या पुढे

सकाळी पुन्हा धुकं. विहिरीजवळून जाताना मी प्रमिलाकडे बघितलं, तिनं नजर चुकवली आणि सायकल पुढे काढली. आता सरळ नागपूर. आज संध्याकाळी घरी, अरविंद घरी, दाराला कडी. मी मनात तेवढंच घोकत होते.

गाव मागे पडलं. एक लांब चढ लागला, तसा काही फार नाही, पण संपत नाही असा. बाजूला कपाशी, वेचून झालेली, धुक्यात बोंडांच्या रिकाम्या टरफलांच्या रांगा. पुढे अरविंदची पाठ, निळं जाकीट, ठीक चालली होती. मधे प्रमिला. ती सारखी मागे वळून बघत होती. मला वाटलं माझ्याकडे बघते आहे. पण ती माझ्या मागे बघत होती.

आणि माझी सायकल जड झाली.

लहानपणी भाऊ मागून कॅरियर धरून ठेवायचे, आठवतं? पायडल मारावं आणि जागच्या जागी. अगदी तसं. मी गिअर उतरवला. पुन्हा जोर लावला. सायकल सरकेना. मागे वळून बघितलं, नुसतं पांढरं धुकं. पण मानेजवळ कुणीतरी उभं असल्यावर कळतं ना, तसं कळत होतं. भीतीपेक्षा माझं डोकंच फिरलं. मी खाली उतरले आणि त्या धुक्याला मोठ्यानं म्हटलं, ‘‘भाऊजी, सोडा! अरविंदला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. तुम्ही मोठे असाल तुमच्या घरी!’’

एवढं बोलले आणि छातीवर कुणी जातं ठेवलं. कळ डाव्या हातात उतरली, जबड्यात चढली. सायकल हातातून सुटली. मी रस्त्याच्या कडेला बसले, बसले म्हणजे पडलेच. मला उमगलं ते तेव्हा. दोन दिवस मी भलत्याच माणसाची पाठ बघत होते.

प्रमिला सायकल टाकून पळत आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या मागे, वर, माणसाच्या उंचीवर. मला तिचा चेहरा आजही दिसतो. ती परत धावत गेली, पिशवीतून खडा काढला आणि अंगातलं सगळं बळ लावून कपाशीत भिरकावला.

‘‘जा जी!’’ ती किंचाळली. ‘‘सोडा तिले! शरदराव, जा! परत येऊ नका!’’

कपाशीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तिनं माझा खिसा चाचपून अरविंदची गोळी काढली आणि माझ्या जिभेखाली सारली.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अरविंद रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा. संत्र्यांची एक गाडी थांबलेली. क्रेटच्या मधे मला आडवं केलेलं, खालून सालीचा वास. गाव जवळ होतं म्हणून काटोलच्या दवाखान्यात पटकन पोचलो, तिथून नागपूर. त्याच दिवशी माझ्या नसेत जाळी बसवली. तरुण डॉक्टर होता, माझ्यावर रागावला. बायकांना हार्ट अटॅक येत नाहीत असं वाटतं का तुम्हाला, म्हणाला. जबडा दुखतो, घाम येतो, जळजळ होते, आणि तुम्ही दोन दिवस सायकल चालवता? तो चढ तुम्ही पूर्ण चढला असतात तर पलीकडे मैलभर माणूस नाही, आणि तुम्हीही नसता. कशामुळे थांबलात?

मी म्हटलं, सायकल अडकली.

अरविंदनं नंतर माझी सायकल नीट तपासली. चाकं फिरवून बघितली, ब्रेक बघितले, साखळी काढून बघितली. कुठंही काही लागत नव्हतं.

नागपूर

प्रमिला दवाखान्यात रोज यायची. डबा ठेवायची, उशी सारखी करायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी अरविंद औषधं आणायला खाली गेला, तेव्हा मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. सायकल कशी जड झाली, कॅरियर धरल्यासारखी, ते सांगितलं. ऐकता ऐकता ती खुर्चीत बसली.

‘‘मी पाह्यलं होतं त्यायले,’’ ती म्हणाली. ‘‘कोराडीपासून. पुरतं नाही दिसत, पण दिसत. दर वेळी तुह्या मांगं. मले राग आला होता वं. मी इतके दिवस वाट पाहून राह्यली, अन् आले त तुह्या मांगं. मंग त्या चढावर पाह्यलं, दोन्ही हातानं तुही सायकल धरून होते. मले वाटलं, न्यायले आले. तुले न्यायले.’’

मी तिचा हात धरला.

‘‘अन् ते त तुले थांबवून राह्यले होते.’’ तिनं पदर तोंडात कोंबला. ‘‘आख्ख्या जन्मात कोणासाठी मांगं थांबले नाहीत. एकदा थांबले, अन् मी हाकललं. नाव घेऊन हाकललं.’’

‘‘प्रमिला, तू मला वाचवायलाच…’’

‘‘हाव. माहीत आहे मले.’’

ती रडली, आणि मीही रडले. नर्स येऊन म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका.

मला घरी सोडलं. सायकल सध्या बंद, आधी फिरणं. आता बागेत गोल गोल मी फिरते आणि घाण्याचा बैल म्हणून अरविंद चिडवतो. सोबत मात्र सोडत नाही.

गेल्या रविवारी सकाळी प्रमिलाच्या दाराला कुलूप होतं. पार्किंगमध्ये तिची सायकल नव्हती. फोन लागेना. अरविंद स्कूटर काढून काटोल नाक्यापर्यंत बघून आला. तिन्हीसांजेला ती परत आली. मी दारातच उभी होते. केस धुळीनं भरलेले, पाण्याची बाटली न उघडलेली, तोंड उन्हानं करपलेलं. चांगलं झापायचं ठरवलं होतं मी. पण तिच्याकडे बघितलं आणि विचारलं ते भलतंच.

‘‘आले होते का गं?’’

तिनं सायकल भिंतीला टेकवली, कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली.

‘‘लय हळू चालवली वं,’’ ती म्हणाली. ‘‘चढावर त पायीच चालली. तरी नाही.’’